मदत हवी आहे: दिवाळीला मुलांच्या हातची, कमी खर्चातली भेट

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे. यंदा शेजारी आणि मुलांच्या शाळेतल्या मावशींना मुलांनी स्वतः केलेलं काहीतरी द्यायचंय. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. उटणं ठरलंय: आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, मुलतानी माती. मी दळून आणेन, मुलं चाळून रंगवलेल्या कागदात पुड्या बांधतील.

अडचण पणत्यांची आहे. कुंभाराकडच्या साध्या पणत्या पाण्यात भिजवून, वाळवून रंगवल्या, तरी तेल झिरपून पोस्टर कलर सुटतो. आतून काही लावावं, की नुसता बाहेरचा काठ रंगवावा? ज्योतीजवळ वॉर्निश नकोच वाटतं.

धाकट्याला एकट्याने जमेल असंही काही सुचवा ना. तासगावचा बेदाणा घरात भरपूर आहे, त्याचं काय करता येईल?