मेन कॉन्ट्रॅक्टरने इलेक्ट्रिकलचं आरए बिल कापलं, उरलेलंही अडवलं – काम थांबवावं का?

साइट_वायरिंग (प्रश्न):
तळमजला अधिक सात मजल्यांच्या कमर्शियल इमारतीचं आतलं इलेक्ट्रिकल काम सबकॉन्ट्रॅक्टवर आहे. वर्क ऑर्डर मटेरियलसह, आयटम रेटची (प्रत्येक प्रकारच्या कामाला ठरलेला दर). पहिली पाच आरए बिलं (चालू कामाची टप्प्याटप्प्याची बिलं) वेळेवर निघाली. सहाव्यात मोठी कपात केली आणि जे मंजूर झालं तेही दिलेलं नाही. वाद असे:

१) मेन केबल. आम्ही ड्रमवरून जेवढी उतरली तेवढी लावली. त्यांचा बिलिंग इंजिनिअर ड्रॉइंगवर पट्टी लावून मोजतो. साधारण ११ टक्के फरक येतोय.
२) ९४ जादा पॉइंट (दिवा, पंखा, सॉकेट यांच्या जोडण्या). साइट इंजिनिअरने व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितले, आम्ही केले. आता ऑफिस म्हणतं, लेखी मंजुरी नाही म्हणून एक्स्ट्रा आयटम नामंजूर.
३) फुटलेल्या टाइल, साफसफाई आणि तात्पुरती वीज यांची चार महिन्यांची डेबिट नोट (आमच्याकडून वळत्या करायच्या खर्चाचा कागद) एकदम लावली.
४) उरलेल्या पैशांबद्दल उत्तर एकच: मालकाकडून आले की देऊ.

डीबी ड्रेसिंग (वीज वाटपाच्या पेटीतल्या वायरींची मांडणी), टेस्टिंग आणि सर्किट मार्किंग बाकी आहे. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) वर्क ऑर्डरच्या आधीची आहे. माणसं काढून घेतली तर आमच्यावर उलटेल का? आधी काय करावं?

---

मोजमाप_वही:
माणसं आत्ताच काढू नका. आधी या बिलाचे दोन तुकडे करा. ज्या ओळींवर दोघांचं एकमत आहे त्यांची बेरीज वेगळी आणि वादाच्या ओळी वेगळ्या. "सहाव्या बिलातील निर्विवाद रक्कम इतकी, ती अमुक तारखेपर्यंत द्यावी, वादग्रस्त ओळींचा तक्ता सोबत जोडला आहे" असं पत्र ईमेलने आणि पोचपावतीसह द्या. चार वादांच्या नावाखाली अख्खं बिल पडून राहतं ते असा तुकडा कोणी मागत नाही म्हणून.

केबलचं बघू. इथे तुमची मागणीही पूर्ण बरोबर नाही. ड्रमवरून उतरलेल्या केबलमध्ये कापून उरलेले तुकडेही आले. ऑर्डरमध्ये वेस्टेज वेगळं लिहिलेलं नसेल तर ते तुमच्या रेटमध्ये धरलेलं असतं. पण ड्रॉइंगवर पट्टी लावून मोजणंही चूक आहे, कारण प्लॅनमध्ये उभी लांबी दिसतच नाही. बहुतेक आर्मर्ड केबलच्या बाहेरच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. प्रत्येक रनच्या दोन्ही टोकांना ग्लँडजवळचा (केबल पॅनेलमध्ये शिरते तिथल्या पकडीजवळचा) आकडा वाचा आणि वजाबाकी करा. समजा एका टोकाला ४१२ आणि दुसऱ्याला ४७३ आहे, म्हणजे लांबी ६१ मीटर. ड्रॉइंगवर ५४ निघते. मधले ७ मीटर कुठले ते लिहून दाखवायचे: शाफ्टमधली चढण ३.५, बीमखालून वळसा १, दोन पॅनेलमधली टोकं १.५ आणि १. अशी फोड समोर ठेवली की वाद मीटरवर येतो, आणि मीटर दोघांनी मिळून मोजता येतात. लूप (टोकाला राखलेली जादा केबल) सोडला असेल तर तो वेगळ्या रकान्यात दाखवा. देय आहे की नाही ते बीओक्यूतल्या (ऑर्डरमधली कामं, संख्या आणि दर यांची यादी) आयटमच्या वर्णनावरून ठरेल.

मेजरमेंट शीटमध्ये प्रत्येक रनला हे रकाने हवेत: केबलचा आकार, कुठून कुठे, ड्रम नंबर, सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा, ग्लँड आणि लगची (वायरच्या टोकाच्या टर्मिनलची) संख्या, दोघांच्या सह्या. फॉल्स सीलिंग बंद व्हायच्या आत आकड्यांचे फोटो घ्या. बंद झाल्यावर ट्रेवरच्या आकड्यांपर्यंत कोणी पोचत नाही. स्लॅबमधल्या कंड्युटचं (वायरच्या नळ्यांचं) आणि भिंतीतल्या झिऱ्यांचंही तसंच: काँक्रीट किंवा प्लास्टर होण्याआधी टेप लावून मोजायचं आणि त्याच दिवशी सही घ्यायची. स्लॅबच्या पोर कार्डवर (काँक्रीट ओतण्याआधीच्या तपासणीच्या कागदावर) इलेक्ट्रिकलच्या सहीची जागा असते, तिथे तारीख आणि ग्रिड नंबर लिहा.

९४ पॉइंटांचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुम्ही त्यांना "एक्स्ट्रा आयटम" का म्हणताय? पॉइंट वायरिंगचा आयटम बीओक्यूत आधीच आहे ना? वर्णन तेच असेल तर ही फक्त संख्या वाढली. संख्येतली वाढ त्याच रेटने मोजून बिलात घालायची असते. आयटम रेटच्या ऑर्डरमध्ये अंतिम संख्या प्रत्यक्ष मोजणीवरच ठरते. नवीन रेट ठरवणं आणि त्याची आगाऊ मंजुरी ही भानगड वर्णनात नसलेल्या कामासाठी असते, उदाहरणार्थ फ्लोअर बॉक्स (जमिनीत बसवलेला सॉकेटचा डबा) किंवा वेगळ्या आकाराच्या वायरचा पॉवर पॉइंट. संख्या ठरावीक टक्क्यांपलीकडे गेल्यास रेट बदलायचं कलम आहे का, तेवढं तपासा. तुम्हीच चुकीच्या शीर्षकाखाली मागितलं की त्यांना नाकारायला आयतं कारण मिळतं. ९४ पैकी किती नुसती वाढ आणि किती खरंच नवीन, हे वेगळं करा आणि बिल दुरुस्त करून द्या.

प्रत्येक पॉइंटची एक ओळ: मजला, खोली, डीबी आणि सर्किट नंबर, सूचनेची तारीख, सुधारित ड्रॉइंगचा नंबर. आर्किटेक्टच्या नव्या फर्निचर लेआउटमध्ये तो पॉइंट दिसत असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा तो पुरावा कितीतरी भक्कम.

---

बिलिंग_डेस्क:
मेन कॉन्ट्रॅक्टरच्या बाजूचं बिलिंग बघतो, म्हणून आत काय चालतं ते सांगतो.

इलेक्ट्रिकलचं बिल टेबलावर अडकतं ते बहुतेक वेळा कागद अपुरे असतात म्हणून. मेजरमेंटला खोली किंवा ग्रिडचा संदर्भ नाही, केबलचं टेस्ट सर्टिफिकेट आणि डिलिव्हरी चलन नाही, त्या महिन्याचं पीएफ-ईएसआयचं चलन नाही, किंवा तुमचं इनव्हॉइस आमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (आम्हाला मिळणारं कराचं क्रेडिट दाखवणारं विवरण) दिसत नाही. यातलं एक जरी राहिलं तरी अकाउंट्स फाइल परत पाठवतात आणि तुम्हाला मात्र "मालकाकडून आले नाहीत" असं सांगितलं जातं. त्यामुळे बिल नेमकं कोणत्या टेबलावर आहे आणि कोणत्या कागदासाठी, हे लेखी विचारा.

दुसरं विचारा: हे ९४ पॉइंट मालकाच्या बिलात लावलेत का? लावले असतील तर "लेखी मंजुरी नाही" हे कारण टिकत नाही. मालकाच्या आरए बिलाचा ॲबस्ट्रॅक्ट (गोषवारा) आम्ही सहसा दाखवत नाही. पण कन्सल्टंटच्या माणसाने तुमच्यासोबत मोजणी केली असेल तर त्याच्या शीटवर संख्या असते.

डेबिट नोटबद्दल. चार महिन्यांची एकदम लावणं ही आमच्या लोकांची वाईट सवय आहे आणि अशी नोट खोडून काढता येते. प्रत्येक ओळीसाठी तीन गोष्टी मागा: त्या वेळी दिलेली नोटीस, खर्चाची फोड, फोटो किंवा सही. टाइल बसल्यावर भिंत फोडावी लागली ती ड्रॉइंग उशिरा आलं म्हणून की तुमचा बॉक्स राहून गेला म्हणून? ड्रॉइंग मिळाल्याची तारीख आणि टाइल लावल्याची तारीख शेजारी ठेवा, उत्तर तिथेच मिळेल. तात्पुरती वीज सब-मीटरच्या रीडिंगने आकारली की बिलाच्या टक्क्याने, ते ऑर्डरमध्ये काय लिहिलंय त्यावर. साफसफाई सगळ्या एजन्सींमध्ये वाटली असेल तर वाटणीचा आधार मागा. जी ओळ खरंच तुमची आहे ती लगेच मान्य करा. सरसकट सगळं नाकारणाऱ्याचं पत्र कोणी नीट वाचत नाही.

मालकाचे पैसे खरंच थकले असतील तर एक मार्ग आहे: त्रिपक्षीय पत्र. मालक इलेक्ट्रिकलचे पैसे थेट देतो आणि मेन कॉन्ट्रॅक्टरच्या बिलातून वळते करतो. यासाठी मेन कॉन्ट्रॅक्टरची लेखी संमती लागते. हँडओव्हर जवळ आला की मालकालाही घाई असते, तेव्हा हे जमतं.

---

करार_वसुली:
काम थांबवण्याबद्दल. ऑर्डरमध्ये पैसे थकल्यास काम स्थगित करण्याचं कलम आहे का, ते आधी बघा. नसेल तर न सांगता माणसं काढणं धोक्याचं. "रिस्क अँड कॉस्ट" कलम वापरून ते दुसऱ्याकडून काम करून घेतील आणि खर्च तुमच्या रिटेन्शनमधून (बिलांतून राखून ठेवलेल्या रकमेतून) वळता करतील. थांबवायचंच झालं तर आधी मुदतीची नोटीस द्या, आणि थांबण्यापूर्वी संयुक्त पंचनामा करा: मजल्यानुसार झालेलं काम, साइटवर पडलेलं मटेरियल, प्रत्येक सर्किटचं मेगर रीडिंग (वायरच्या इन्सुलेशनची तपासणी). ५०० व्होल्ट डीसी मेगरने किमान १ मेगाओहम यायला हवं. ही नोंद नसेल तर पुढे कोणीही फॉल्स सीलिंगचा स्क्रू वायरमध्ये घुसवला तरी दोष तुमच्या नावावर येईल. लावलेली केबल ओढून काढणं किंवा चालू पुरवठा तोडणं कटाक्षाने टाळा. त्याने चांगला दावा फौजदारी तक्रारीत अडकतो.

"मालकाकडून आले की देऊ" बद्दल. एमएसएमई विकास कायदा, २००६ च्या कलम १५ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला पैसे देण्याची मुदत करारानेही ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. माल किंवा सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ती स्वीकारली असं धरलं जातं. कलम १६ नुसार उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय आयकरातल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) आकारणी वर्ष २०२४-२५ पासून ही मुदत ओलांडलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून वजा मिळत नाही. मार्चच्या आधी त्यांच्या अकाउंट्सला उद्यम प्रमाणपत्रासह हे पत्र गेलं की हालचाल होते. जीएसटीचंही आहे: इनव्हॉइसच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्यांना घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं.

पण एक मोठी अडचण आहे. तुमची ऑर्डर मटेरियलसह आहे, म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट. वर्क्स कॉन्ट्रॅक्ट एमएसएमई कायद्याच्या कक्षेत येत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत घेतलेली आहे. फॅसिलिटेशन कौन्सिलमध्ये (त्या कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणारी यंत्रणा) अर्ज केलात तर समोरचा वकील पहिला हाच मुद्दा काढेल. पुढच्या कामाला शक्य असेल तर मटेरियल पुरवठ्याची आणि लेबरची ऑर्डर खरोखर वेगळी घ्या. मात्र एकाच कामाचे कागदावर नुसते दोन तुकडे केले, तर तेही तपासलं जातं.

करारात लवाद कलम असेल तर लवाद कायद्याच्या कलम २१ ची नोटीस द्या. नसेल आणि व्यावसायिक दावा तीन लाखांपासून पुढचा असेल, तर तातडीचा आदेश मागायचा नसताना आधी मध्यस्थीची पायरी पूर्ण करावीच लागते. दिवाळखोरी कायद्याची नोटीस पाठवा असं कोणी सुचवलं तर थांबा. थकबाकी एक कोटीच्या आत असेल तर तो अर्ज बसतच नाही, आणि नोटिशीआधीपासून खरा वाद चालू असेल तर तो फेटाळला जातो. तुमच्याकडे वाद लेखी चालू आहे.

दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं, आणि ती ईमेलवर चर्चा करत बसल्याने वाढत नाही. मुदत संपायच्या आत त्यांनी थकबाकी लेखी, सही करून मान्य केली तर ती तिथून नव्याने मोजली जाते. म्हणून वर्षाला एकदा बॅलन्स कन्फर्मेशनवर (थकबाकी मान्य असल्याच्या पत्रावर) सही घ्या.

---

साइट_वायरिंग:
धन्यवाद. पॉइंटची यादी तपासली. ९४ पैकी ८१ बीओक्यूतल्याच वर्णनाचे निघाले, १३ फ्लोअर बॉक्सचे. सहाव्या बिलाचं टॅक्स इनव्हॉइस पूर्ण रकमेचं काढून जीएसटी भरून टाकलाय. कापलेल्या भागाचं काय? आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुढे चालतील का?

---

करार_वसुली:
जी कपात तुम्ही मान्य कराल तेवढ्याचीच क्रेडिट नोट (इनव्हॉइसची रक्कम कमी केल्याचा कागद) काढा. संबंधित आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत ती कर कमी करण्यासाठी चालते. वादातल्या रकमेची क्रेडिट नोट दिली तर तुम्ही कपात मान्य केली असा अर्थ लावला जाईल. पुढच्या बिलांना आधी मोजमापासह आरए बिल द्या आणि टॅक्स इनव्हॉइस कधी काढायचं ते ऑर्डरमधल्या पेमेंटच्या टप्प्यांनुसार सीएकडून ठरवून घ्या. तुमचा फॉर्म २६एएस (तुमच्या नावे कापलेल्या टीडीएसची नोंद) आजच उघडा. टीडीएस पैसे देताना किंवा खात्यात जमा दाखवताना, जे आधी होईल तेव्हा कापला जातो. सहाव्या बिलाचा टीडीएस दिसत असेल तर त्यांनी ती रक्कम स्वतःच्या पुस्तकात तुमच्या नावे धरलेली आहे. एवढ्याने देणं सिद्ध होत नाही, पण "बिल मंजूरच नाही" हे म्हणणं लंगडं पडतं.

मेसेज चालतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार सोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड) द्यावी लागते. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मूळ फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका, पूर्ण चॅट मीडियासह एक्सपोर्ट करून ठेवा.

---

मोजमाप_वही:
८१ पॉइंट सातव्या बिलात मूळ आयटमखाली घ्या आणि सहाव्यातून तेवढे मागे घेतल्याची ओळ पत्रात लिहा, नाहीतर दुबार मागणी म्हणून दोन्ही अडवतील. १३ फ्लोअर बॉक्सचं रेट ॲनालिसिस वेगळं द्या: बॉक्स, मॉड्यूल, कंड्युट आणि वायर प्रत्यक्ष लांबीने, लेबर, ओव्हरहेड. मटेरियलची खरेदी बिलं जोडा. कोर कटिंग (स्लॅबला भोक पाडणं) किंवा फ्लोअर चेसिंग (जमिनीत झिरी पाडणं) तुम्ही केलं असेल तर तेही घाला, हीच ओळ बहुतेकांकडून राहते. आणि मोजणीला बोलावलेलं पत्र तारीख-वेळेसह द्या: "आपला प्रतिनिधी न आल्यास कन्सल्टंटच्या उपस्थितीत मोजणी करून शीट पाठवू." न आल्यास त्याच दिवशी शीट मेल करा.