पाणी शिरलेले घर वाळवण्यासाठी कंपनी कशी निवडावी?

प्रश्न

नमस्कार. आम्ही चार दिवस बाहेरगावी गेलो असताना स्वयंपाकघराच्या भिंतीतील पाण्याचा पाइप फुटला आणि परत आलो तेव्हा स्वयंपाकघर, बैठकीची खोली आणि त्यामधला बोळ या तिन्ही ठिकाणी घोट्याएवढे पाणी साचलेले होते. मुख्य वीजपुरवठा आणि पाण्याचा कॉक बंद करून आम्ही पाणी उपसले, फरशी पुसून घेतली आणि फोटोही काढले. आता फरशी कोरडी दिसते. परंतु लाकडी फ्लोअरिंगचा एक भाग फुगला आहे, भिंतींच्या खालच्या बाजूस वीतभर उंचीपर्यंत रंग गडद झाला आहे आणि खोलीत शिरताच कुबट वास येतो.

घर वाळवून पूर्ववत करून देणाऱ्या तीन कंपन्यांशी मी बोललो. पहिल्या कंपनीने घर न पाहताच फोनवर सांगितले की तीन दिवसांत सगळे वाळेल. दुसरीचा माणूस येऊन गेला, परंतु कामाची कागदपत्रे आजच सही करून द्या, नाहीतर बुरशी सगळीकडे पसरेल, असा त्याचा आग्रह होता. तिसऱ्या कंपनीने यंत्र लावून भिंती तपासल्या आणि दोन दिवसांत लेखी अंदाजपत्रक देऊ असे सांगितले. घाई करायला हवी हे मला कळते, पण चुकीच्या माणसाच्या हाती घर द्यायचीही भीती वाटते. निवड करताना नेमके काय विचारावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १

मी बरीच वर्षे याच कामात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपल्याला दोन वेगळी कामे करून घ्यायची आहेत, आणि ती एकमेकांत मिसळू देऊ नका. पाणी काढणे व ओल आटोक्यात आणणे हे पहिले काम तातडीचे आहे, कारण ओलसर कागद, लाकूड आणि जिप्समच्या पाट्यांवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. आपले घर कदाचित त्यापुढे गेलेले आहे, त्यामुळे हे काम आजच सुरू व्हायला हवे. फ्लोअरिंग बदलणे, गिलावा आणि रंग करणे हे दुसरे काम मात्र भिंत खरोखर वाळल्यावरच करायचे असते, आणि त्यासाठी आज कोणाशीही करार करण्याची गरज नाही. दुसऱ्या कंपनीचा माणूस दोन्हींची सही एकदम मागत असेल, तर त्याला फक्त पहिल्या कामापुरता कागद करायला सांगा.

आता वाळवण्याविषयी. भिंत वाळली की नाही हे हात लावून किंवा डोळ्यांनी कळत नाही. पृष्ठभाग सुकतो, आतली वीट मात्र ओलीच राहते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा की वाळवण्याचे काम पूर्ण झाले हे तुम्ही कशावरून ठरवणार. चांगला माणूस घरातील ओल न लागलेली, त्याच प्रकारची एखादी भिंत मोजून तो आकडा प्रमाण म्हणून धरतो आणि ओली भिंत त्याच्या जवळ येईपर्यंत यंत्रे चालू ठेवतो. सुया टोचायचे मॉइश्चर मीटर मुळात लाकडासाठी बेतलेले असते. गिलाव्यावर ते जो आकडा दाखवते त्याला केवळ तुलनेपुरता अर्थ असतो, आणि भिंतीत क्षार असतील तर तो आकडा वाढीवही येतो. हे जो माणूस स्वतःहून सांगेल, त्याला काम येते असे खुशाल समजा. थर्मल कॅमेऱ्याचेही तसेच आहे: तो ओल दाखवत नाही, तापमानातील फरक दाखवतो, आणि गार दिसणारी जागा खरोखर ओली आहे का हे पुन्हा मीटरने पडताळावे लागते.

नुसते पंखे लावून निघून जाणाऱ्यांपासून सावध राहा. पंखा भिंतीतली ओल हवेत आणतो, पण हवेतली ओल काढून घेणारे डिह्युमिडिफायर सोबत नसेल तर तीच वाफ कपाटांच्या मागे आणि छतावर जाऊन बसते. ही यंत्रे चालू असताना खिडक्या बंद ठेवायच्या असतात. दाट विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतींना कित्येकदा आठवडे लागतात, त्यामुळे घर न पाहता तीन दिवसांची हमी देणाऱ्याला मी तरी काम दिले नसते.

उत्तर २

वरच्या उत्तरात सांगितलेली चूक आम्ही केली, म्हणून कळकळीने लिहीत आहे. आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीचे पाणी झिरपून एक खोली भिजली होती. ज्यांना काम दिले त्यांनी पाच दिवस पंखे चालवले, सुगंधी फवारणी केली आणि लगेच पुट्टी भरून रंग लावून दिला. दीड महिन्यात पोपडे सुटले, भिंतीवर पांढरा खार फुटला आणि कपाट हलवले तेव्हा मागची सगळी बाजू काळी पडलेली दिसली. आमच्या घरात दम्याचा त्रास असलेले लहान मूल आहे, त्यामुळे ते महिने फार कठीण गेले. त्यांनी एकदाही ओल मोजली नव्हती आणि मीही विचारले नव्हते. दुसऱ्या वेळी ज्यांना बोलावले ते रोज ठरावीक जागी, भिंतीवर पेन्सिलने खुणा करून, मोजमाप घेत आणि तारखेसह वहीत लिहून माझी सही घेत. आकडे दिवसागणिक उतरताना दिसले तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

कुबट वास येत असेल तर वास घालवणाऱ्या औषधावर समाधान मानू नका. वास ज्या ओल्या वस्तूतून येतो ती शोधून वाळवायला किंवा काढून टाकायला सांगा. स्वयंपाकघरातील ओट्याखालचे प्लायवूड आणि कपाटांचे तळ आधी बघा.

उत्तर ३

मी विमा दाव्यांच्या कामात असल्याने कागदपत्रांपुरते सांगते.

घराचा विमा असेल तर कंपनीला आजच कळवा. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी उपाय करणे ही बहुतेक पॉलिसींमध्ये विमाधारकाचीच जबाबदारी असते, त्यामुळे पाहणी होईपर्यंत घर तसेच भिजत ठेवणे योग्य नाही. मात्र फुटलेला पाइप, फुगलेली फळी, गालिच्याचा तुकडा अशा गोष्टी फोटो काढूनही लगेच टाकून देऊ नका. सही करण्यापूर्वी कागद शेवटपर्यंत वाचा, कारण काही ठिकाणी कामाच्या परवानगीच्या नावाखाली दाव्याची रक्कम घेण्याचा हक्कच कंपनीच्या नावे करून घेतलेला असतो. अंदाजपत्रकात कोणत्या खोलीत किती यंत्रे, दर दिवसाचा की सरसकट, रोजची मोजणी त्यात धरलेली आहे का, आणि काम संपल्याचा निकष काय, हे स्पष्ट लिहून घ्या. यंत्रांचे भाडे रोजावर असेल आणि निकष लिहिलेला नसेल, तर बिलाला मर्यादा राहत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. तिसऱ्या कंपनीला फोन करून फक्त वाळवण्याच्या कामाचा वेगळा कागद मागितला आणि त्यांनी तो तासाभरात पाठवला. त्यात न भिजलेल्या शयनगृहाची भिंत प्रमाण म्हणून धरू असे लिहिले आहे. विमा कंपनीलाही कळवले. एक शंका राहिली: बोळातल्या मोरीच्या जाळीतूनही थोडे पाणी वर आले असावे, असे शेजारी म्हणतात. त्याने काही फरक पडतो का?

उत्तर १

पुष्कळ फरक पडतो, आणि हे कंपनीला यंत्रे लावण्याआधीच सांगा. नळाचे पाणी मुळात स्वच्छ धरले जाते, जरी साचून राहिल्यावर तेही बिघडत जाते. सांडपाणी मिसळले असेल तर मात्र कामाची पद्धतच बदलते. त्या भागातील गालिचा, गाद्या, जिप्सम आणि फुगलेले प्लायवूड वाळवायचे नसते, काढूनच टाकायचे असते. उरलेला भाग धुऊन निर्जंतुक केल्याशिवाय तिथे पंखे लावू देऊ नका, कारण वाऱ्याने घाण इतर खोल्यांत पसरते. बोळ प्लास्टिकच्या पडद्याने वेगळा करायला सांगा, आणि तोवर मुलांना व वयस्कर माणसांना तिकडे जाऊ देऊ नका. घर बरेच जुने असेल तर छताचे पत्रे किंवा फरशीखालचे थर कापण्यापूर्वी त्यांत ॲस्बेस्टॉस (ज्याचे बारीक तंतू श्वासावाटे फुफ्फुसांना घातक ठरतात असे खनिज) आहे का, याचीही तपासणी करून घ्या.