मदत हवी आहे : आजोबांच्या नोटेशनच्या वह्या, ठिपका मंद्राचा की तारसप्तकाचा?

नमस्कार मंडळी,

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे, पोरांना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांना बसवायचे. त्यांच्या चीजांच्या (रागातल्या बंदिशींच्या) वह्या ट्रंकेत निघाल्या. कोपरे उधईनं खाल्लेत, मजकूर बराच शाबूत आहे. फोटो काढून इंटरनेट अर्काइव्हवर ठेवायचा विचार आहे.

पण वह्यांत भातखंडे आणि पलुस्कर या दोन संगीतकारांच्या सूर लिहायच्या दोन्ही लिप्या आहेत, तेही सरमिसळ. भातखंड्यांत स्वरावर ठिपका म्हणजे तारसप्तक (वरचं), पलुस्करांत तोच ठिपका मंद्राचा (खालच्या सप्तकाचा)! मालकंस रागाच्या पानावर 'ध नी'वर ठिपके आहेत, पुढे 'सा म' साधे. तालाच्या ओळीवरच कापूस वेचणीचा हिशोब मांडलाय (कागद वाया घालवायचा नाही, हा आजोबांचा खाक्या). त्यात वही रेघांची. भातखंड्यांत कोमल स्वराखाली असते ती आडवी रेघ कोणती नि छापील कोणती, भिंगातूनही कळत नाही.

मला पेटी भजनापुरतीच येते. पानागणिक लिपी ओळखायची कशी? काही चीजा भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांतून उतरवल्यात, त्यांच्या हक्काचं काय?

प्रतिसाद

दादा, समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) × आणि खालीला (टाळी न देता हात उघडतात तिथे) ० असेल तर भातखंडे. समेला १ आणि खालीला + असेल तर पलुस्कर. पण नुसता × दिसला म्हणून ठरवू नका. पलुस्करांत स्वराखालचा × चार मात्रांचा आणि ० अर्ध्या मात्रेचा असतो. खूण तालाची की स्वराची, ते आधी बघा.

तुमचं मालकंसचं पान मला पलुस्करांचं वाटतं. मंद्रातल्या ध नी वरून सा म वर येणं ही त्या रागाची नेहमीची चाल. तारसप्तकातल्या ध नी वरून एकदम मधल्या सा वर कोण उडी मारेल? पलुस्करांत कोमल स्वराचा पाय मोडलेला असतो, तो सापडला की पक्कं. नाही सापडला तरी मालकंसात ग ध नी कोमलच. खरी पंचाईत पिलूसारख्या, शुद्ध-कोमल दोन्ही स्वर लागणाऱ्या रागात होईल.

भातखंडे १९३६ साली गेले. आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, तेव्हा तिकडून अडचण नाही. आजोबांच्या स्वतःच्या चीजा असतील तर घरच्यांची संमती घ्या.

टाइपिंगच्या मागे लागू नका, आधी कोरी पानं आणि पुठ्ठ्यासकट क्रमानं फोटो काढा. मालकंसचं पान इथे टाका, हिशोब कापू नका. त्यात साल लिहिलेलं असेल तर वहीच्या काळाचा अंदाज येईल.