मदत हवी आहे: घर गरम करणाऱ्या गरम पाण्याच्या बेसबोर्ड (भिंतीच्या तळाशी बसवलेले हीटर) झोनच्या पंपाचा हेड (पाण्याच्या फुटांत मोजलेला रोधाइतका दाब) किती धरू?

एकच झोन, भार ताशी ३०,००० बीटीयू (उष्णतेचे एकक), जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात तापमानफरक २०° फॅ. धरून प्रवाह मिनिटाला ३ गॅलन. पाऊण इंची तांब्याचा लूप १३० फूट. बेंड-फिटिंगसाठी लांबी दीडपट केली, १०० फुटांना ४ फूट हेड धरला: ७.८ फूट. (पाणी बंद लूपमध्येच फिरते, म्हणून मजल्याची उंची मोजलेली नाही.) झोन व्हॉल्व्हचा (झोनचे पाणी चालू-बंद करणारा) सीव्ही (१ पीएसआय दाबफरकाला मिनिटाला किती गॅलन जाते तो आकडा) ३.५, म्हणजे आणखी १.७ फूट.

सध्याचा तीन स्पीडचा पंप लोवर ठेवला की शेवटचा बेसबोर्ड कोमट राहतो, परत येणारे पाणी २८° ने थंड असते. हायवर व्हॉल्व्ह शिट्टी मारतो. हवा दोनदा काढली, गाळणीही साफ आहे. व्हॉल्व्ह बदलायचा नाही.

दीडपटीत व्हॉल्व्हचा रोध येतो का, की ९.५ फुटांवर ३ गॅलन देणाराच पंप बघू?