स्थलांतरविरोधी पक्षाचा जोर वाढत असताना त्याच्या विरोधकांनी प्रचार कसा करावा?

मे २०२५ मध्ये रिफॉर्म यूके या पक्षाने इंग्लंडमधील दहा कौन्सिलांची (स्थानिक स्वराज्य संस्थांची) सत्ता मिळवल्यापासून त्याच्या विरोधातील कार्यकर्त्यांमध्ये एक जुना वाद पुन्हा पेटला आहे: पक्षाला सरळ वंशवादी म्हणावे, की त्याच्या मतदाराशी बोलत राहावे? माझा कौल बोलण्याला आहे, आणि दाखला पूर्व लंडनमधील बार्किंग-डॅगनमचा आहे. तेथे २००६ मध्ये ब्रिटिश नॅशनल पार्टी या अतिउजव्या, स्थलांतरविरोधी पक्षाचे बारा नगरसेवक निवडून आले. फोर्डच्या डॅगनम कारखान्यातील मोटारींचे उत्पादन २००२ मध्येच बंद झाले होते, कौन्सिलची भाड्याची घरे भाडेकरूंना विकली गेली होती आणि त्यांच्या जागी पुरेशी नवी बांधली गेली नव्हती. त्यामुळे घरांच्या प्रतीक्षायादीत ताटकळणाऱ्यांना ‘बाहेरच्यांनी तुमचे घर घेतले’ हे उत्तर पटत गेले. २०१० मध्ये विरोधक दारोदार फिरले, घरांच्या तक्रारी ऐकल्या, अफवा खोडल्या. बाराही जागा गेल्या आणि ब्रिटिश संसदेच्या तेथील लढतीत पक्षनेते निक ग्रिफिन तिसरे आले.

प्रतिसाद १
असहमत. २०१० मध्ये स्थानिक आणि सार्वत्रिक निवडणूक एकाच दिवशी झाली, त्यामुळे एरवी घरी बसणारे अनेक जण मतदानाला आले. तेव्हा जुन्या मतदाराचे मन वळले असे म्हणण्यापेक्षा नवा मतदार आला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. शिवाय ज्याला रस्त्यात ‘परत जा’ ऐकावे लागते, त्याने आपले मित्र तसे बोलणाऱ्याच्याच अडचणी समजून घेत बसल्याचे किती काळ पाहायचे? वंशवादाला वंशवाद म्हणणे, त्याने एकही मत फिरले नाही तरी, त्या शेजाऱ्याप्रती आपले देणे आहे.

धागालेखक
मतदान वाढल्याचा मुद्दा खरा आहे, परंतु त्या नव्या मतदाराला बाहेर काढायलाही कोणीतरी त्याच्या दारी गेलेच होते. नेत्याच्या द्वेषपूर्ण विधानाचा जाहीर निषेध जरूर व्हावा. तोच शिक्का त्याच्या प्रत्येक मतदारावर मारू नये, एवढेच माझे म्हणणे. आता तर रिफॉर्म यूके कौन्सिली चालवतो आहे. देशात कोणाला प्रवेश द्यायचा हे कौन्सिलच्या हाती नाही. वृद्धांची देखभाल, विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षण आणि रस्ते मात्र आहेत. त्यांचा हिशेब मागावा.

प्रतिसाद २
तिसरा मार्गही सुचवला जातो, तो म्हणजे त्या पक्षाचीच धोरणे उचलण्याचा. डेन्मार्कमध्ये सोशल डेमोक्रॅट पक्षाने स्थलांतराबाबत कठोर भूमिका घेतली आणि डॅनिश पीपल्स पार्टी या स्थलांतरविरोधी पक्षाची मते २०१५ मधील २१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ९ टक्क्यांखाली आली, हे कौतुकाने सांगतात. २०२२ मध्ये स्थापन झालेल्या डेन्मार्क डेमोक्रॅट्स या तशाच कठोर भूमिकेच्या पक्षाने त्याच वर्षी ८ टक्के मते घेतली, हे मात्र सांगायचे राहून जाते.

प्रतिसाद १
याबाबत आपण तिघेही एका बाजूला आहोत. हिशेब मागण्यालाही माझी हरकत नाही. पण रस्त्यांवरील खड्ड्यांबद्दल बोलताना ‘परत जा’चा विषय पत्रकातून वगळला जाणार असेल, तर ते पत्रक मी वाटणार नाही.