मदत हवी आहे: १८४७ चे आयरिश प्रवासी, क्वेबेकमार्गे आले असतील तर नोंद कुठे?

काउंटी कॉर्कमधलं सलिव्हन कुटुंब १८४७ मध्ये शिडाच्या जहाजाने निघालं. १८५० च्या जनगणनेत ते बॉस्टनमध्ये आहे. न्यूयॉर्क आणि बॉस्टन बंदरांत उतरलेल्या प्रवाशांच्या याद्या ‘ओ’सलिव्हन’, ‘सुलिव्हन’ अशी रूपं घेऊन, वय पाच वर्षं मागेपुढे धरून पाहिल्या. आडनाव इतकं सर्रास आहे की आईवडील आणि तिन्ही मुलं एकत्र दिसल्याशिवाय खात्री नाही. लिव्हरपूलहून सुटतानाच्या याद्या १८९० आधीच्या जवळपास उरलेल्याच नाहीत.

भाडं स्वस्त म्हणून ते कॅनडातल्या क्वेबेकला उतरून पुढे आले असावेत, पण तिथल्या सलग याद्या १८६५ पासूनच्या आहेत. वडिलांचा नागरिकत्वाचा अर्ज अजून मिळालेला नाही. क्वेबेकजवळच्या ग्रोस ईल बेटावरच्या विलगीकरण केंद्रातून धडधाकट सुटलेल्यांची नावं कोणत्या नोंदवह्यांत सापडतात?