शिशाच्या मोहरेवरचा हा इओआन्नीस कोणता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एका लिलावाच्या कॅटलॉगमधल्या बायझंटाइन मोहरेपाशी (म्हणजे पत्राला दोरीने लावायचा शिशाचा शिक्का; मजकूर ग्रीक) गाडी अडली आहे. पुढच्या बाजूला क्रॉसच्या आकाराचा मोनोग्राम (अक्षरं एकात एक गुंफलेलं चिन्ह), ‘देवमाते, साहाय्य कर’, आणि चार कोपऱ्यांत ‘तुझ्या दासाला’. ही धाटणी साधारण 8व्या-9व्या शतकातली. मागे नाव इओआन्नीस, मग ‘सम्राटाचा स्पाथारिओस’ हा किताब, मग स्त्रातेगोस, म्हणजे प्रांताचा सेनापती आणि सुभेदार दोन्ही.

घोळ शेवटच्या ओळीत आहे. ‘थ्राक’ एवढंच उरलंय. दोरी ओवायच्या नळीच्या तोंडाशी शिसं तुटलंय. आता हा थ्राके प्रांत धरायचा, कॉन्स्टँटिनोपलच्या पश्चिमेचा, की थ्राकेसिओन, आशिया मायनरच्या पश्चिम भागातला? स्त्रातेगोस दोन्हीकडे असायचा. प्रांताच्या नावाआधीचं ग्रीक उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखं) एकवचनी निघालं तर थ्राके, अनेकवचनी निघालं तर थ्राकेसिओन. पण तिथे फक्त ‘ताउ’ (ग्रीक ‘त’) दिसतो, जो दोन्हींत असतोच!

आडनाव नाही; त्या काळच्या मोहरांवर ते सहसा नसतंच. आणि इओआन्नीस म्हणाल तर पैशाला पासरी.

त्याच साच्यातून उठवलेली दुसरी, धड मोहर सापडली तर प्रश्न सुटेल. डम्बर्टन ओक्स या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेच्या मोहरांचा ऑनलाइन कॅटलॉग चाळतोय. साचा एकच आहे हे ठरवताना आधी काय बघता? अक्षरांची वळणं, की ओळ कुठे तुटते ते?